ज्वारी मोजली, भाकरी राहिली

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून ४७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात पती, एमपीएससीची तयारी करणारी मुलगी आणि दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. सासूबाईंचं सगळं ताईच करतात. उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ओळखीपाळखीत विकतात. दिवाळीला पुण्याहून आलेले धाकटे दीर जेवताना म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण देशाच्या जीडीपीत तुमचं योगदान शून्य." मुलीनेही पुस्तक काढून काकाचं बरोबर असल्याचं सांगितलं. ते वाक्य ताईंच्या डोक्यातून जात नाही. त्यातच गल्लीतल्या पोळीभाजी केंद्राच्या मालकीणबाईंनी कामाला बोलावलं आहे. दहा ते तीन, महिना १२,००० रुपये. त्या वेळेत सासूबाईंजवळ बसायला एक बाई तयार आहे, ती ९,००० मागते. पती म्हणतात, "तीन हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला?" ताई विचारतात की आपलं काम खरंच कशात धरलं जात नाही का, आणि ही नोकरी धरावी का. शेवटी एक ओळ आहे: "मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी दोन वर्षं पतपेढीत हिशेब लिहायचे, पण आता त्याचं काय."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे दीर जे म्हणाले ते पुस्तकाप्रमाणे बरंचसं बरोबर आहे. पुरतं नाही. तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या उरलेल्या भागातच आहे, म्हणून आधी तोच सावकाश बघू. नोकरीकडे मग वळू.

सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, ही एका वर्षात देशाच्या हद्दीत तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांची किंमत. कुठल्या वस्तू-सेवा धरायच्या याची सीमा संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीने आखून दिली आहे आणि आपलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयही तीच पाळतं. त्या सीमेवर तुमचं घर आणून ठेवलं की गंमत नाही, पण नवल जरूर वाटतं. तुमच्या माहेरच्या रानातून वर्षाची ज्वारी येते असं तुम्ही लिहिलंय. ती बाजारात गेली नाही, तिची पावती फाटली नाही, तरी ती जीडीपीत धरली जाते, कारण घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य हे उत्पादन मानलं आहे. गोठ्यातलं घरी प्यायलेलं दूध, चुलीसाठी थापलेल्या शेणी, रानातून आणलेलं जळण यांचीही किंमत अंदाजाने लावतात. गिरणीवाल्याला दिलेले दळणाचे पैसे धरले जातात. आणि त्याच पिठाची तुम्ही भाकरी थापली की हिशेब तिथे थांबतो. वस्तू घरच्यासाठी केली तरी धरायची, सेवा घरच्यासाठी केली तर धरायची नाही, असा तो नियम आहे. रांधणं, वाढणं, उष्टी-खरकटी, धुणं, पोरांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळं 'सेवा' या खान्यात पडतं आणि बाहेर राहतं.

या नियमाला अपवाद दोनच आहेत. पगार देऊन ठेवलेली मोलकरीण किंवा आया धरली जाते, तिचा पगार हीच तिच्या कामाची किंमत. आणि दुसरा अपवाद म्हणजे स्वतःचं घर. तुम्ही ज्या घरात राहता त्याचं भाडं तुम्ही कुणाला देत नाही, कुणी मागत नाही. तरी 'हे घर भाड्याने घेतलं असतं तर किती पडलं असतं' असा अंदाज करून तो आकडा जीडीपीत घालतात. म्हणजे तुमच्या चार भिंतींनी दिलेला आसरा मोजला जातो. त्या भिंतींच्या आत तुम्ही केलेलं काम मोजलं जात नाही.

नियम करणाऱ्यांची कारणंही ऐकू या, कारण ती सगळी फोल नाहीत. एक, घरकामाचा बाजाराशी फारसा संबंध येत नाही, त्यामुळे महागाई, मंदी, व्याजदर यांचा विचार करताना तो आकडा उपयोगी पडत नाही. दोन, घरकाम हे काम धरलं तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस 'कामावर' दिसेल आणि बेकारी मोजण्यात अर्थच उरणार नाही. ही दोन्ही कारणं मला पटतात. तिसरं कारण असं की घरकामाला बाजारभाव नाही, मग किंमत कशी लावणार. हे मला पटत नाही. ज्यांना न दिलेल्या घरभाड्याचा अंदाज करता येतो, त्यांना पोळीचाही करता येईल. तुमच्या गल्लीत तिचा भाव फळ्यावर लिहिलेला असणार.

हे आज कुणाच्या ध्यानात आलं असंही नाही. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये तिथल्या संसदेपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा अहवाल ठेवला, तेव्हाच गृहिणींच्या सेवा यात घेतलेल्या नाहीत हे त्यांनी नोंदवलं होतं. अशा आकड्यावरून देशाचं कल्याण ठरवता येणार नाही, हेही तिथेच बजावलं होतं. स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. तिच्यात पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव होते आणि सल्लागारांत हेच कुझनेट्स होते. मोजमाप करणाऱ्या माणसांना आपल्या फूटपट्टीची लांबी माहीत होती. पंगतीत बसून ती दुसऱ्याच्या आयुष्याला लावणं हा नंतरच्यांचा प्रकार.

आता तुमच्याच दिवसाकडे बघा. सासूबाईंना आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम देतो, ती फी जीडीपीत गेली. उरलेले सहा दिवस तोच हात, तोच पाय, तेच व्यायाम तुम्ही करून घेता, ते गेलं नाही. दर दोन तासांनी तुम्ही त्यांची कूस बदलता, पाठीला पावडर लावता, चादरीची सुरकुती काढता, म्हणून दीड वर्षात त्यांच्या पाठीला एकही जखम नाही. तुम्ही हे एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. मी तिथे थांबले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ न देणं किती अवघड असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. ती जखम झाली असती, चिघळली असती, सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं असतं, तर तो सगळा खर्च जीडीपीत आला असता. जखम झालीच नाही याचा मात्र कुठे रकाना नाही.

उलट बाजूनेही पाहा. पैसा हातातून हातात गेला म्हणजे जीडीपी वाढला असंही नाही. सासूबाईंना सासऱ्यांच्या माघारी मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन त्यात येत नाही, कारण ते हस्तांतरण आहे, त्या बदल्यात या वर्षी काही तयार झालेलं नाही. लाडक्या बहिणीचे महिना १५०० रुपयेही त्याच कारणाने नाहीत, पण त्या पैशांतून कुणी चप्पल घेतली, कुणी पोराला क्लास लावला, तर तो खर्च येतो. लग्नातला आहेर नाही. तुम्ही जुनं शिलाई मशीन विकलंत ते नाही, कारण ते नवं होतं त्या वर्षी एकदा धरून झालं. दलालाने मध्ये पडून काही घेतलं असेल तर तेवढंच. शेअरची खरेदी-विक्री नाही, ब्रोकरची दलाली मात्र आहे. दिरांनी बँकेत ठेवलेली मुदत ठेव म्हणजे उत्पादन नाही. तेव्हा 'जीडीपीत नाही' याचा अर्थ 'किंमत नाही' असा होत नाही, हे त्यांनाही सांगितलं तर पटेल.

आणि तुमचे पापड? ते आहेत! दिरांची चूक इथे झाली. विक्रीची किंमत वजा उडीद डाळ, पापडखार, तेल, पिशव्या. जे उरलं ती तुम्ही घातलेली भर, आणि ती देशाच्या उत्पादनाचाच भाग आहे. जीएसटी नाही, दुकानाची पाटी नाही, म्हणून ते बाद होत नाही. अशा लहान, नोंद नसलेल्या उद्योगांचा अंदाज सर्वेक्षणांवरून बांधतात. म्हणून या निमित्ताने तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना एक सांगते. सर्वेक्षणाला किंवा २०२७ च्या जनगणनेला माणूस दारात आला आणि "काय करता?" म्हणाला, तर "काही नाही, घरीच असते" म्हणू नका. श्रमशक्तीच्या सर्वेक्षणात 'फक्त घरकाम' असं उत्तर आलं की नावापुढे ९२ हा आकडा पडतो आणि विषय संपतो. घरकाम करून जळण गोळा करणं, घरच्यासाठी शिवणं असं काही करत असाल तर ९३ पडतो, पण तोही श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या, बाहेरच. पापड विकत असाल, कुणाचे ब्लाउज शिवून पैसे घेत असाल, घरच्या शेतात राबत असाल, तर ते स्पष्ट सांगा, महिने किती तेही सांगा. उत्तर नवरा किंवा सासरा देत असेल तर पुढे होऊन सांगा.

घरकामाची दखल सरकारदरबारी अजिबात नाही असंही नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झालं. २०२४ च्या आकड्यांप्रमाणे घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात. करणारे पुरुष ८८ मिनिटं, आणि मुळात करणारे शंभरात सत्तावीसच. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने २०२३ मध्ये बायकांच्या बिनपगारी कामाची किंमत सुमारे २२.७ लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास काढली. कोर्टानेही हात घातला आहे. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कडक ताशेरे ओढले. जानेवारी २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की अपघातात गृहिणी गेली तर तिचं उत्पन्न धरूनच भरपाई काढायची, आणि ते करताना दाखला दिला की २०११ च्या जनगणनेत जवळजवळ सोळा कोटी बायकांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय सांगितला होता. पुरुष होते ५८ लाखांच्या आत. वाहन अपघाताच्या दाव्यात "ती कमावती नव्हती" असं कुणी म्हणालं तर हा निकाल वकिलाला आठवण करून द्यावा.

आता नोकरी. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, तेवढं मला सोडवून बघायचं आहे. तुम्ही लिहिलंय, "कामाला लागले तर निदान मोजली तरी जाईन." हो, जाल. तुमचे १२,००० त्यात येतील, सासूबाईंजवळच्या बाईंचे ९,००० येतील. दोघी मिळून महिन्याला २१,००० रुपये कागदावर दिसतील, जिथे आज शून्य आहे. पण सासूबाईंची काळजी आज होते तेवढीच होणार आहे, फक्त हात बदलणार. आणि केंद्रातल्या पोळ्या विकत घेणाऱ्या कित्येक घरांत काल त्या पोळ्या घरीच लाटल्या जात होत्या. वाढीतला काही भाग नवा असतो, काही भाग नुसता घरातून बाजारात सरकलेला असतो. टाळेबंदीत आपण उलटं पाहिलं. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास चोवीस टक्क्यांनी घसरला, आणि त्याच तीन महिन्यांत मोलकरणी येईनाशा झाल्या, शाळा घरात आल्या, बायकांच्या कामाला अंत उरला नव्हता. तेव्हा आकड्यात शिरण्यासाठी नोकरी धरू नका. दिरांना उत्तर म्हणून तर मुळीच नको.

मग कशासाठी धरावी? तर दर महिन्याला स्वतःच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशासाठी. दहा ते तीन घराबाहेर, चार बायकांत बसण्यासाठी. तुम्ही लिहिलंय, "पोळ्या लाटायचा कंटाळा आहे, पण तिथल्या हसण्याखिदळण्याचा आवाज गच्चीवर ऐकू येतो." हे वाक्य मला तुमच्या पतींच्या तीन हजारांपेक्षा मोठं वाटलं.

त्या तीन हजारांचंच बघू. बारातून नऊ वजा करायचे, हे कुणी ठरवलं? बाई ठेवायची ती सासूबाईंसाठी, तुमच्या नोकरीसाठी नाही. ती त्यांच्या आजारपणाची गरज आहे आणि आजवर तुम्ही ती फुकट भागवलीत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा काढून बघा, त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. हा कायदा कुणावर उगारायला मी सांगत नाही, घरात अजून बोलणं आहे, आपुलकी आहे. पण जबाबदारी मुळात कुणाची, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. दोन मुलगे आहेत, ९,००० चे साडेचार-साडेचार होतात. सासूबाईंचं निवृत्तिवेतन येतं, ते त्यांच्यासाठीच आहे, आधी त्यातून घ्यावेत आणि उरलेले भावाभावांनी वाटून घ्यावेत. हे तुम्ही दिरांशी भांडून नाही, पतींकरवी बोलायचं. असा हिशेब मांडलात तर हातात तीन हजार नाहीत, बारा हजार येतात, आणि "खटाटोप कशाला" हा प्रश्नच राहत नाही.

ते बोलायच्या आधी एक काम करा. वेळ-वापर सर्वेक्षणात दिवस पहाटे चारला सुरू होतो, दुसऱ्या पहाटे चारला संपतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते लिहितात. दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलं प्रत्येक काम नोंदवतात, एकाच वेळी दोन कामं चालू असतील तर दोन्ही. तसा कागद आखून एक कामाचा दिवस आणि एक रविवार भरा. पतींना त्यांचा भरू दे, मुलीला तिचा. रात्री अडीचला सासूबाईंसाठी उठलात तेही लिहा, कुकर लावून त्यांना भरवलंत तेही लिहा. आरोप करायला तो कागद वापरू नका. तुम्ही दहा ते तीन बाहेर गेलात तर मागे नेमकं काय उरतं आणि कोण उचलणार, हे ठरवायला तोच लागेल. नाहीतर पहाटे चारला उठून घरचं सगळं आटपायचं, मग केंद्रात दोनशे पोळ्या, परत येऊन संध्याकाळ, अशी तुमची गत होईल. तसं होणार असेल, एकही काम घरातलं दुसरं कुणी उचलणार नसेल, तर मी तुम्हाला ही नोकरी धरा असं सांगणार नाही. जीव मोठा आहे.

दुसरी वाट पापडांची. घरी राहून तोच व्याप वाढवता येईल. मात्र खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न व्यवसायाची नोंदणी लागते, ती करून घ्या. अडचण अशी की यात घराबाहेर पडणं होत नाही, घरची कामं मध्ये येत राहतात आणि ओळखीतल्यांकडे उधारी साचते. तुमच्या पत्रातला सूर ऐकता मला हे तुमच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचं वाटतं. ज्यांच्या घरी अगदी तान्हं मूल आहे किंवा आजाऱ्याजवळ ठेवायला भरवशाचं माणूसच मिळत नाही, त्यांना ते पहिल्या क्रमांकाचं वाटू शकेल.

आणि ती शेवटची ओळ, "पण आता त्याचं काय." त्याचं पुष्कळ आहे, ताई. मालकीणबाईंकडे रोज पीठ, तेल, गॅस, भाजी येते, डबे जातात, महिन्याची खाती असतात, कुणाचे पैसे राहतात. ते कोण लिहितं, ते आधी विचारा. तुम्ही पतपेढीत हिशेब लिहिलेत, बी.कॉम. आहात. "मी लाटायला येईन, पण दोन तास वही माझ्याकडे द्या," असं म्हणून बघा. एका पोळीला खरा खर्च किती येतो हे अशा कित्येक केंद्रांत कुणी नीट काढलेलं नसतं. तुम्ही ते काढून दिलंत तर सहा महिन्यांनी पगाराचं बोलणं वेगळ्या जागेवरून करता येईल. नाही म्हणाल्या तरी विचारल्याने काही बिघडत नाही.

पगार तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात घ्या. रोख देत असतील तर त्याच दिवशी भरा. त्यातून दरमहा थोडे पीपीएफमध्ये टाका, वर्षाला किमान ५०० रुपयांत ते खातं चालू राहतं. मालकीणबाईंना आणि घरी तीन महिन्यांचा बोल द्या, त्यानंतर पुन्हा बसून ठरवायचं. सासूबाईंना मात्र आधी तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. त्यांना बोलता येत नसलं तरी समजतं, असं तुम्हीच लिहिलंय.

आणि येणाऱ्या बाईंशी बोलताना त्यांचीही सुट्टी ठरवून टाका. आठवड्याला एक दिवस, आजारपणाच्या रजा पगारी, आणि कूस कशी बदलायची ते पहिले आठ दिवस तुम्ही शेजारी उभं राहून दाखवायचं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही केंद्रात असाल, तेव्हा ती सुट्टी पतींच्या सुट्टीच्या वारी येईल अशी घ्या, आणि त्या दिवशीचे दहा ते तीन आईजवळ ते बसतील, हे आत्ताच बोलून घ्या.